चार आसनी विमानात सामानाची जागा वाढवायची असेल तर

सोलापुरात टॉवेलचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे स्वतःचे सेसना १७२ एन हे चार आसनी विमान असून नमुन्याचे गठ्ठे घेऊन ते हैदराबाद, गोवा, नाशिक अशा फेऱ्या करतात. मागच्या आसनापाठीमागचा सामानाचा कप्पा मोठ्या दोन गठ्ठ्यांतच भरतो. कप्प्यामागचा पडदा स्क्रू काढून उघडला, तेव्हा शेपटीकडे निमुळती होत गेलेली मोठी पोकळी त्यांना दिसली. अक्कलकोट रस्त्यावरील एम.आय.डी.सी.तल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे करवून तिथे बसवला, तर आणखी चाळीस किलो माल नेता येईल का, आणि अशा कामाला परवानगी लागते का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे आणि दुसऱ्याचे होय. तथापि त्यांची गरज खरी आहे आणि ती भागवण्याचे रीतसर मार्गही आहेत. लहान पिस्टन विमानांच्या देखभालीत माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारतोच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम विमानाच्या पुस्तिकेत काय दिले आहे ते पाहू. १७२ एनच्या सामानाच्या कप्प्याचे कागदोपत्री दोन भाग आहेत. मागच्या आसनाला लागून असलेल्या पहिल्या भागात जास्तीत जास्त १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो, आणि त्यामागच्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो सामान ठेवता येते. मात्र दोन्ही भागांचे मिळूनही १२० पौंडच, १७० नव्हे. ही ओळ वाचताना बहुतेकांची गफलत होते, कारण दोन भागांसाठी दोन मर्यादा दिल्या आहेत म्हणजे त्यांची बेरीज करायची असा अर्थ सहज निघतो. टॉवेलचे दोन गठ्ठे ठेवून कप्पा भरत असेल, तर ते गठ्ठे काट्यावर घालून पाहावेत. कप्पा भरण्याच्या बऱ्याच आधी मर्यादा भरलेली असण्याची शक्यता मला अधिक वाटते. घट्ट बांधलेला टेरी टॉवेलचा गठ्ठा दिसतो त्यापेक्षा किती जड असतो, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

आता त्या मागच्या पोकळीकडे येऊ. विमानाचा भार कुठे तोलला जातो तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. आम्ही हँगरमध्ये त्याला सी.जी. म्हणतो. प्रत्येक वस्तूचे वजन आणि एका ठरावीक संदर्भरेषेपासूनचे तिचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे मोमेंट, आणि सर्व मोमेंटच्या बेरजेला एकूण वजनाने भागले की सी.जी. मिळतो. १७२ मध्ये ही संदर्भरेषा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलच्या पुढच्या बाजूला धरतात. तिथून पुढची आसने साधारण ३७ इंचांवर, इंधन ४८ वर, मागचे आसन ७३ वर, सामानाचा पहिला भाग ९५ वर आणि दुसरा १२३ इंचांवर येतो. कमाल वजनाला, म्हणजे २३०० पौंडांना, सी.जी. ३८.५ ते ४७.३ इंच या पट्ट्यात राहिला पाहिजे. म्हणजे जवळपास टनभर वजनाच्या यंत्राचा तोल ज्या पट्ट्यात सांभाळायचा, त्याची लांबी पावणेनऊ इंच, जेमतेम एक वीत.

पुस्तिका पौंड आणि इंचांत आहे, म्हणून हिशेबही त्यातच करतो. समजा रिकाम्या विमानाचे वजन १४५० पौंड आणि त्याचा सी.जी. ३९.५ इंचांवर आहे. पुढे दोन माणसे मिळून ३४० पौंड, मागे दोघे मिळून ३०० पौंड आणि इंधन अर्ध्या टाकीचे, २० गॅलन, म्हणजे १२० पौंड. सामान न ठेवता एकूण वजन २२१० पौंड होते, मोमेंट ९७,५१५ येतो आणि सी.जी. ४४.१ इंचांवर असतो. आता ९० पौंड, म्हणजे ४१ किलो माल चढवला की कमाल वजन नेमके गाठले जाते. हा माल पहिल्या भागात ठेवला, तर सी.जी. ४६.१ वर जातो, हे चालते. तोच माल दुसऱ्या भागात ठेवला, तर सी.जी. ४७.२ वर जातो, म्हणजे मर्यादेला टेकतो, आणि त्या भागाची ५० पौंडांची मर्यादा तर केव्हाच ओलांडलेली असते. कप्प्याचा दुसरा भाग १४२ इंचांपाशी संपतो. नवीन ट्रे त्याच्या मागे बसवला, तर त्याचा मध्य साधारण १५५ इंचांवर येईल, आणि तेच ९० पौंड तिथे ठेवले की सी.जी. ४८.५ वर जातो. वजन एका पौंडानेही वाढलेले नाही, तरी विमान मर्यादेच्या इंचाहून अधिक मागे गेले. ट्रेचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही.

एक इंच ऐकायला क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात सी.जी. मागे गेला की विमानाची नाक वर-खाली होण्याच्या बाबतीतली स्थिरता कमी होते, नियंत्रणाच्या चाकावर हाताला लागणारा दाब हलका होतो आणि वैमानिकाला विमान ‘छान, हलके चालते आहे’ असा भास होतो. खरी अडचण विमान स्टॉल झाल्यावर, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर येते. नाक खाली आणण्यासाठी एलिव्हेटरचा, म्हणजे शेपटीवरच्या वर-खाली हलणाऱ्या पट्टीचा, जो जोर लागतो, तो शेपटीपासून सी.जी.पर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतो; सी.जी. मागे सरकला की हे अंतर कमी होते आणि नाक आपोआप खाली येण्याची विमानाची अंगची प्रवृत्तीही कमी होते. स्टॉलमधून स्पिन लागलाच, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले, तर त्यातून बाहेर येण्यास वेळ लागतो किंवा येताच येत नाही. बाजार समितीत कांद्याची पोती तोलणाऱ्याला ही गोष्ट एका वाक्यात कळते, कारण दांडीच्या टोकाला टांगलेला एक किलो मधल्या दहा किलोंना हलवतो हे त्याने हाताने अनुभवलेले असते.

शेपटीतली ती पोकळी वाया गेलेली जागा आहे असे समजू नये. तिच्यातून एलिव्हेटरच्या आणि नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरच्या केबल जातात, त्यांच्या पुल्या तिथे असतात, आणि अपघातानंतर आपोआप संदेश पाठवणारा ई.एल.टी. बहुतेक विमानांत तिथेच बसवलेला असतो. काही मॉडेलांत बॅटरीही तिथेच असते. शिवाय शेपटीचे कवच हा निव्वळ पत्रा नाही. एलिव्हेटर आणि रडरवर येणारा वाकवणारा आणि पिळणारा भार ते कवच, आतल्या आडव्या चौकटी आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या मिळून पेलतात. त्या चौकटीला ट्रे टेकवण्यासाठी चार भोके पाडणे म्हणजे भार वाहणाऱ्या अवयवाला भोके पाडणे.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. एका चार आसनी विमानाची वार्षिक तपासणी माझ्याकडे आली होती. मागचा पडदा काढला तर आत प्लायवूडची फळी नायलॉनच्या दोरीने बांधलेली आढळली. आधीच्या मालकाने छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आणि विमान झाकायची ताडपत्री ठेवण्यासाठी ती बसवली होती, असे नंतर कळले. नियंत्रण केबल तपासताना आम्ही तिच्यावरून सुती फडके दाबून ओढतो. तार तुटलेली असेल, तर फडक्याचा धागा तिथे अडकतो. फळीच्या कडेपाशी फडके अडकले. केबल सोडवून बोटांत हलकी वाकवली, तेव्हा तुटलेल्या तारांची टोके साळिंदराच्या काट्यांसारखी उभी राहिली. अशा लवचीक केबलमध्ये सात पदर आणि प्रत्येक पदरात एकोणीस बारीक तारा असतात, त्यामुळे बाहेरून ती पुष्कळ दिवस शाबूत दिसते. फळीची कड तिच्यावर प्रत्येक उड्डाणात थोडी थोडी घासत होती. दोरी केव्हाही सैल झाली असती आणि एखादी छत्री पुलीत जाऊन बसली असती. ती केबल आम्ही बदलली. फळी मात्र मी बराच काळ हँगरच्या कोपऱ्यात ठेवून दिली होती, नव्या मुलांना दाखवायला.

शेपटीचा भार आणि एलिव्हेटरची केबल एकत्र बिघडल्यावर काय होते, याचे जगजाहीर उदाहरण म्हणजे ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथे उड्डाण घेताच कोसळलेले एअर मिडवेस्टचे बीचक्राफ्ट १९०० डी. त्यातील सर्व २१ जण मृत्युमुखी पडले. दुरुस्तीत एलिव्हेटरच्या केबलची जुळणी चुकल्याने नाक खाली घालण्याची क्षमता कमी झाली होती, आणि त्याच वेळी विमानाचा सी.जी. मर्यादेच्या मागे होता. प्रवाशांची आणि सामानाची वजने प्रत्यक्ष न करता ठरावीक सरासरी धरून कागदोपत्री हिशेब मर्यादेत बसवलेला होता. त्या अपघातानंतर ही सरासरी वजने वाढवण्यात आली. आपले विमान त्या विमानाच्या तुलनेत खेळणे वाटेल, पण हिशेब तोच आहे. आपल्याकडेही वजन विचारले की माणूस लग्नाच्या वेळचे सांगतो. चार जणांच्या विमानात चौघांना काट्यावर उभे करायला दोन मिनिटे लागतात.

परवानगीच्या प्रश्नावर फार लिहिण्यासारखे नाही, कारण नियम स्पष्ट आहे. भारतात नोंदलेल्या विमानाच्या मान्य रचनेत बदल करायचा, तर त्या बदलाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या सी.ए.आर. २१ या नियमावलीनुसार मान्यता लागते. शेपटीत भारवाही ट्रे बसवणे हा विमानाच्या तोलावर आणि ढाच्यावर परिणाम करणारा बदल आहे. तो किरकोळ म्हणून खपवता येत नाही. व्यवहारात मालकाने स्वतः आरेखन करून मान्यता मिळवणे कोणाला परवडत नाही. म्हणून परदेशात त्या मॉडेलसाठी पूरक प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे एस.टी.सी., मिळालेले किट शोधायचे, ते आपल्याकडे मान्य करून घ्यायचे आणि परवानाधारक ए.एम.ई.कडून, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याकडून, बसवून सेवेत परत देण्याचा दाखला घ्यायचा, हा मार्ग उरतो. विमानाच्या नोंदवहीत नोंद, नवे वजनपत्रक, नवी लोड अँड ट्रिम शीट (भार आणि तोलाचा तक्ता), उड्डाण पुस्तिकेची पुरवणी आणि कप्प्यावर मर्यादेची पाटी, हे सर्व त्यात येते. यातले काही न करता बदल केला, तर विमानाच्या उड्डाणयोग्यतेचा दाखला निरर्थक ठरतो आणि विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण आयते मिळते.

फॅब्रिकेटरबद्दल मला अनादर नाही. आपल्या एम.आय.डी.सी.त यंत्रमागाचे सुटे भाग हातोहात करून देणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताची सफाई अनेक हँगरांत दिसणार नाही. अडचण धातूची आणि कागदाची आहे. विमानात वापरला जाणारा २०२४-टी३ पत्रा आणि बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हातात घेतल्यावर सारखेच वाटतात. ताकद आणि थकवा सोसण्याची क्षमता यांत फार फरक असतो. पत्रा कुठल्या खेपेचा, कुठल्या उष्णताप्रक्रियेचा, हे सिद्ध करणारा कागद त्याच्यासोबत यावा लागतो. रिव्हेटचेही तसेच. पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटचा मध्य किमान दोन व्यास आत आणि दोन रिव्हेटमधील अंतर किमान तीन व्यास हवे, हा आमचा रोजचा पाढा आहे. खिडकीच्या जाळीला मारतात तसे पॉप रिव्हेट मारून काम भागत नाही.

सामानाच्या कप्प्याला आणखी एक कसोटी लागते, जी मालकांच्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही. हवेतल्या हिसक्यांत नॉर्मल गटातल्या विमानाला ३.८ जीपर्यंतचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३.८ पटीपर्यंतचा भार सोसायचा असतो आणि त्यावर दीडपटीची सुरक्षा धरलेली असते. म्हणजे ४० किलोंचा गठ्ठा त्या क्षणी ट्रेवर सव्वादोनशे किलोंहून अधिक दाब देऊ शकतो. समोर आदळण्याच्या प्रसंगात तर माणसांच्या मागे ठेवलेले सामान ९ जीच्या धक्क्यातही पुढे येऊन त्यांच्यावर कोसळू नये, अशी अपेक्षा असते. ४० किलोंचे ते ३६० किलो होतात. ट्रेचे बोल्ट, त्याखालची चौकट, जाळी आणि जाळीचे हूक या सर्वांनी ते रोखून धरायचे आहे. टॉवेल मऊ असतो हा युक्तिवाद मी ऐकला आहे. घट्ट बांधलेला गठ्ठा पाठीवर पडला की तो मऊ राहत नाही.

शेपटीकडे वाढवलेले सामानकप्पे जगात आहेतच, हे मान्य करायला हवे. अलास्कासारख्या प्रदेशात सेसना १८० आणि १८५, तसेच पायपर सुपर कब यांच्यासाठी अशी मान्यताप्राप्त किट वर्षानुवर्षे वापरात आहेत. पण त्यांचा उपयोग लांब आणि हलक्या वस्तूंसाठी असतो: मासेमारीच्या काठ्या, झोपायच्या पिशव्या, बर्फावरून घसरायच्या पट्ट्या. जागा मिळते, वजनाची मुभा त्या प्रमाणात मिळत नाही. मुनीसारख्या विमानात मागच्या बाजूला टोप्या ठेवायचा छोटा कप्पा असतो आणि त्याची मर्यादा अवघी दहा पौंड असते, म्हणजे साडेचार किलो. टॉवेलसारख्या जड मालासाठी शेपटी ही सर्वांत वाईट जागा आहे.

काही विमाने जादा सामान दुसरीकडे घेतात. पायपर चेरोकी सिक्समध्ये इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पुढे एक कप्पा असतो, त्यामुळे मागचा भार पुढे तोलता येतो. घरी बांधायच्या आर.व्ही. ८ मध्येही तशीच सोय आहे. सेसना २०६ ला पोटाखाली बसवायचा पॉड मिळतो आणि त्यात ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो सामान मावते, तो सी.जी.च्या जवळ लटकत असल्याने तोल फारसा हलत नाही. पण पॉडचे स्वतःचे वजन असते, हवेचा अवरोध वाढून वेग काही नॉट उतरतो, पोट आणि जमीन यांतले अंतर कमी होते आणि एक्झॉस्टची उष्णता व काजळी त्याच्या अंगावरून जाते. मुख्य म्हणजे पॉड बसवल्याने विमानाचे कमाल वजन वाढत नाही. जागा वाढवली की क्षमता वाढली, हा गैरसमज पॉडच्या बाबतीत सर्वांत जास्त आढळतो.

कमाल वजनाचा मुद्दा इथे सोडून चालणार नाही. २३०० पौंडांतून रिकाम्या विमानाचे १४५० वजा केले की ८५० पौंड, म्हणजे साधारण ३८५ किलो, उरतात. पूर्ण टाकीतले वापरण्याजोगे ४० गॅलन इंधन २४० पौंड भरते. चौघांचे ६४० पौंड धरले, तर बेरीज ८८० होते. म्हणजे चार माणसे आणि पूर्ण इंधन घेतले, तर एक रुमालही न ठेवता विमान जास्त वजनाचे होते. चार आसनी विमान म्हणजे चार माणसे, पूर्ण टाकी आणि भरलेला कप्पा, असे समीकरण या वर्गातल्या विमानांत सहसा जुळत नाही. बनवणाऱ्याने निवड आपल्यावर सोपवलेली असते.

त्यात आपले सोलापूर. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० फुटांवर आहे आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जाणे नवे नाही. अशा दुपारी विरळ झालेल्या हवेमुळे विमानाला आपण जणू ५,२०० फुटांवरून उडत आहोत असे वाटते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास ताकद जमिनीवरच गेली. वजन दहा टक्क्यांनी वाढले की धावपट्टीवरचे अंतर साधारण वीस टक्क्यांनी वाढते आणि चढण्याचा वेग मंदावतो. होटगी रस्त्यावरची साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडली गेली आणि त्यानंतर गोव्याची प्रवासी सेवाही सुरू झाली, म्हणून आता वाट मोकळी झाली असे म्हणून कोणी जादा भार घेऊ नये. चढण पंखांच्या आणि इंजिनाच्या जिवावर असते. माल असेल त्या दिवशी सकाळी सातच्या आत निघावे, हा माझा जुना आग्रह आहे.

आता त्यांनी काय करावे ते सांगतो. प्रथम विमान तोलून घ्यावे. १९७० च्या दशकातल्या या विमानांवर दोन-तीन वेळा रंग चढलेला असतो, जुन्या वायरी न काढता नव्या टाकलेल्या असतात आणि पायघड्या बदललेल्या असतात. कागदावरचे वजन आणि चाकांखालचे वजन यांत फरक सापडणे नेहमीचेच आहे. इंधन पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढून, तेल भरून, आतली हत्यारे आणि कागद बाहेर ठेवून, हँगरची दारे बंद करून तिन्ही चाकांखाली काटे लावायचे. शेपटीच्या डाव्या बाजूला समतल पाहण्यासाठी दोन स्क्रू दिलेले असतात. त्यांच्यावर लेव्हल ठेवून पुढच्या चाकाची हवा कमी-जास्त करत विमान सरळ आणायचे आणि मगच आकडे घ्यायचे. दारे उघडी ठेवून तोलले, तर वाऱ्याची झुळूक पंखाला थोडा उचलते आणि काट्यावरचा आकडा नाचतो. काटे लावण्यापूर्वी कप्प्यात साठलेले सामान काढून बाजूला तोलावे. विमान ओढायची दांडी, तेलाचे डबे, चाकांचे ठोकळे, झाकण्याची ताडपत्री, दोऱ्या आणि कधीतरी ठेवलेली पुस्तके मिळून किती किलो निघतात, ते पाहून मालक स्वतःच चकित होतात.

त्यानंतर मागचे आसन काढण्याचा विचार करावा, आणि माझ्या मते त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे. गठ्ठे घेऊन जाताना ते आणि एखादा सहकारी, असे दोघेच जात असतील, तर मागचे आसन रिकामेच असते. आसन काढून त्या जागी, म्हणजे ७३ इंचांवर, माल बांधला, तर हिशेब असा होतो: रिकामे विमान १४५० पौंड, पुढचे दोघे ३४०, पूर्ण इंधन २४० आणि माल २०० पौंड. एकूण २२३० पौंड, मोमेंट ९५,९७५ आणि सी.जी. ४३ इंचांवर, पट्ट्याच्या अगदी आरामशीर भागात. दोनशे पौंड म्हणजे ९१ किलो माल. त्यांनी मागितलेल्या चाळीस किलोंच्या दुपटीहून अधिक, तोही पूर्ण टाकी घेऊन. काढलेल्या आसनाचे वजन मी या उदाहरणात वजा केलेले नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी थोडी सवड मिळेल. मात्र आसन काढलेल्या स्थितीचे वेगळे वजनपत्रक ए.एम.ई.कडून करून घ्यावे, नोंदवहीत नोंद करावी आणि माल उत्पादकाने किंवा मान्य किटने दिलेल्या बांधणीच्या ठिकाणांनाच जाळीने बांधावा. आसनाच्या पट्ट्याचे हूक काढून त्यांच्या जागी बाजारातले आयबोल्ट लावण्याचा मोह टाळावा.

बांधणीविषयी दोन शब्द. गठ्ठे एकावर एक रचू नयेत; आडवे पसरावेत आणि सर्वांत जड गठ्ठा पुढच्या आसनांना लागून ठेवावा. जाळी वरून अशी ताणावी, की गठ्ठ्याला हाताने जोराने ढकलल्यावर तो सरकणार नाही. दरवाजाच्या कडीला किंवा खिडकीच्या चौकटीला दोरी बांधू नये. कप्प्याच्या दरवाजाचे रबर तपासावे. ते फाटले असेल, तर उड्डाणात एक्झॉस्टचा वायू त्या फटीतून केबिनमध्ये खेचला जाऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फोनचे पॉवर बँक, लॅपटॉपची सुटी बॅटरी, शेगडीचे सिलिंडर अशा वस्तू वैमानिकाचा हात पोहोचणार नाही अशा जागी कदापि ठेवू नयेत. शेपटीतल्या ट्रेविरुद्धचे माझे आणखी एक कारण हेच आहे: तिथे धूर निघाला, तर दिसणारही नाही आणि विझवताही येणार नाही.

एक सूचना नियमाची. हे विमान खासगी वर्गात नोंदलेले आहे. स्वतःचे नमुने नेण्यास हरकत नाही. परंतु शेजारच्या कारखानदाराचे दोन गठ्ठे भाडे घेऊन नेले, तर तो व्यावसायिक माल वाहतुकीचा भाग झाला आणि त्याला वेगळा परवाना लागतो. जागा वाढली की मित्रांच्या विनंत्याही वाढतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

एवढे करूनही जागा कमी पडत असेल आणि फेऱ्या नेहमीच्याच असतील, तर या विमानाला ओढूनताणून वाढवण्यापेक्षा अधिक क्षमतेचे विमान घेण्याचा हिशेब मांडावा. सेसना १८२ किंवा २०६ चा देखभालखर्च जास्त आहे, यात शंका नाही, पण एस.टी.सी. किट मागवणे, ते मान्य करून घेणे आणि त्यासाठी विमान महिनोन्महिने जमिनीवर ठेवणे हेही स्वस्त पडत नाही, आणि त्यातून मिळणारी वजनाची मुभा काही किलोंचीच असते.

राहता राहिली गठ्ठ्यांची गोष्ट. कापसाचा प्रमाणित मॉइश्चर रिगेन, म्हणजे कोरड्या वजनाच्या तुलनेत शोषलेला ओलावा, ८.५ टक्के धरतात, हे टॉवेलवाल्यांना मी सांगायचे कारण नाही. पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेला गठ्ठा उन्हाळ्यातल्या वजनापेक्षा जड भरतो. म्हणून कारखान्याच्या चलनावरचा आकडा लोड शीटमध्ये उतरवू नये. उड्डाणाच्या दिवशी सकाळी प्रत्येक गठ्ठा काट्यावर घालावा, आकडा गठ्ठ्यावरच मार्करने लिहावा आणि तोच आकडा शीटमध्ये घ्यावा.